सात चुकलेले दिवस

१

यंत्राचं झाकण काढून जमिनीवर टेकवून ठेवलं होतं, आणि आत जिथे दुसरी डिस्क असायला हवी तिथे नुसत्या दोन वायरी लोंबत होत्या.

"गेली!" मी म्हणाले. "कपाळ माझं!"

माझं नाव पूंगोडी. मदुरैत माझं छोटंसं ऑफिस आहे आणि लोकांचे म्हातारे झालेले प्रोग्रॅम नव्या यंत्रांवर चढवून देणं हा माझा धंदा. कित्येक वर्षं हेच करतेय आणि दरवर्षी म्हणते, पुरे आता. कारण जाईन तिथे तीच रड. ज्याने लिहिलं तो वारलेला, कागदपत्रं नाहीत, यंत्राचे सुटे भाग भंगारवाल्याकडेही मिळत नाहीत, आणि मालक म्हणतो, "चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?" अहो, चालतंय तोवरच हात लावायचा असतो! बंद पडल्यावर काय आरती ओवाळायची?

शिवकाशीच्या कुरिंजी ऑफसेटमध्ये हीच गत होती. रोज एक पान फाडायचं ते कॅलेंडर इथे छापतात. प्रत्येक पानावर तारीख, तिथी, नक्षत्र किती वाजता संपतं ते, राहुकाळ आणि तळाला एक सुविचार. ही पंचांगाची सगळी गणितं करणारा प्रोग्रॅम तीस वर्षांपूर्वी वैद्यलिंग जोसियरांनी लिहिला. जोसियर म्हणजे ज्योतिषी, पण हा माणूस पोटातून गणिती होता. दोन वर्षांपूर्वी ते गेले. प्रोग्रॅम अजून चालतो, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दाखवत. पण तो नेमका कसा चालतो हे सांगणारं मूळ लिखाण, जोसियरांनी स्वतः लिहिलेल्या ओळी, एकाच डिस्कवर होत्या. एकाच! तीस वर्षांत कुणाला दुसरी प्रत काढून ठेवायची बुद्धी झाली नाही. म्हणजे इडली आमच्या हातात होती, पण तांदूळ-उडदाचं प्रमाण गायब.

आदल्या दिवशी दुपारी मी मालकांच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "उद्या सकाळी मूळ लिखाण उघडायचं, ओळ न् ओळ वाचायची." आणि आज सकाळी हे!

मालक म्हणजे पोन्मारियप्पन. सारं गाव त्यांना अण्णाची म्हणतं. सत्तरी ओलांडलेली, कमरेला पांढरीशुभ्र वेष्टी, आणि आवाज छपाईयंत्रावर मात करणारा. ते आले, यंत्राकडे एकदा बघितलं आणि तडक बाइंडिंगच्या हॉलमध्ये गेले. तिथे चाळीसेक बाया पानांचे गठ्ठे जुळवत बसल्या होत्या.

"ऐका सगळ्याजणी!" ते गरजले. "आपल्या जोसियरांची पोरगी चोर निघाली! ज्या घरचं मीठ खाल्लं त्या घरावर उलटली. उद्या सकाळी मी स्वतः स्टेशनात जाऊन तक्रार देणार."

गोमती दारातच उभी होती. हातात करुपट्टी म्हणजे ताडगुळाच्या कॉफीचा पेला. तिने तो हळूच खिडकीत ठेवला आणि भिंतीला टेकली. कुणीही तिच्याकडे बघेना.

मी अण्णाचींना गाठलं. "पुरावा काय आहे तुमच्याकडे?"

"पुरावा कशाला हवा? नवा प्रोग्रॅम आला की हिची गरज संपली. म्हणून नव्याच्या पायात पाय घालते आहे."

"मला आजचा दिवस द्या."

"आडी महिन्याचा अठरावा दिवस चार दिवसांवर आलाय, पूंगोडी. त्या दिवशी राज्यभरचे विक्रेते नमुने बघायला येतील. माझ्याकडे पंचांग नीट आहे की नाही हे मलाच माहीत नाही!"

"एक दिवस, अण्णाची. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत तर चोर पुढच्या वर्षीही इथेच असेल."

"संध्याकाळपर्यंत," ते म्हणाले. "दिवे लागले की मी ऐकणार नाही."

२

भांडणाचं मूळ आधी सांगते.

जुनं यंत्र आता कधीही मान टाकणार म्हणून अण्णाचींनी चेन्नईच्या अरुळदास नावाच्या पोराला नवा प्रोग्रॅम लिहायला सांगितलं. अट एकच. जुना जे उत्तर देतो तेच नव्याने द्यायचं, मगच पैसे. सहा महिने झाले. पुढच्या वर्षातले बाकी सगळे दिवस जुळतात, आणि सात जुळत नाहीत. नक्षत्र संपायची वेळ पाच-सात मिनिटांनी इकडेतिकडे. तीन आठवड्यांपूर्वी अण्णाचींच्या खोलीत बैठक झाली. अरुळदासने ते सात दिवस फळ्यावर लिहून दाखवले आणि म्हणाला, जुन्यात कुणीतरी हाताने फेरफार करतंय. जुनं यंत्र हाताळते गोमती. मग काय, संशयाचं बोट तिच्याकडेच. मला बोलावलं ते हे भांडण सोडवायला.

त्या बैठकीला आणि कालच्या माझ्या बोलण्याला तीच चार माणसं होती. अण्णाची, त्यांचे जावई राजमाणिक्कम, गोमती आणि अरुळदास.

गोमती मला कागदाच्या गोदामात सापडली. एका रिळावर बसली होती. पस्तिशीची बाई, डोळे कोरडे पण लाल.

"तुम्हीही तेच विचारायला आलात ना?" ती म्हणाली. "विचारा. डिस्क कुठे लपवली? पदरात आहे, बघा."

"मी तसं विचारलं का?"

"कुणीच विचारत नाही, सगळे सांगतात! अप्पा गेले तेव्हा अण्णाचींनीच निरोप धाडला, यंत्र कुणाला कळत नाही, तू ये. तेनकाशीच्या शाळेतली कायमची नोकरी सोडून आले मी. दोन वर्षं त्या खटाऱ्याची सेवा केली. पंखा बंद पडला की वर्तमानपत्राने वारा घातलाय त्याला, खोटं वाटेल तुम्हाला! आणि आज चाळीस बायकांसमोर चोर?"

"ते सात दिवस?"

"अप्पांचं गणित चुकत नाही." तिने मान ताठ केली. "तो चेन्नईचा चुकत असेल."

"गोमती, मी स्वतः हाताने पडताळून पाहिलं. नव्याचं बरोबर आहे. तुझ्या वडिलांचं चुकतं."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मेलेल्या माणसाला शिवी दिली. "मग मला तुरुंगात जाऊ दे," ती म्हणाली. "पण हे परत बोलू नका."

मला राग आला. तिचा नाही, त्या मेलेल्या जोसियरांचा. इतका हुशार माणूस, बाकी वर्षभर मिनिटाची चूक नाही, आणि सात दिवशी शेण खातो? असं कसं होईल?

३

अरुळदास कॅन्टीनमध्ये सात्तूरची शेव चघळत बसला होता. चेहरा असा की शेव नाही, खडे चघळतोय.

"मॅडम, मला चेन्नईला जाऊ द्या," तो म्हणाला. "बायको रोज फोन करते, पैसे मिळाले का? काय सांगू? माझं बरोबर आहे म्हणून पैसे मिळत नाहीत? बरोबर उत्तराला शून्य मार्क देणारी ही पहिलीच परीक्षा बघितली."

"डिस्क तू काढलीस?"

"मी? अहो, सहा महिने मी त्या मूळ लिखाणासाठी यांच्या पाया पडतोय! अण्णाची म्हणायचे, जोसियरांची वस्तू आहे, हात लावायचा नाही. काल तुम्ही एकदाचं ते उघडायचं ठरवलंत, आणि आज गेली. माझं नशीबच फुटकं."

"आणखी काही सांगायचं राहिलंय?" तो नजर चुकवत होता म्हणून विचारलं.

तो कुजबुजला. "कुणाला सांगू नका. सात नाहीत, आठ आहेत. बैठकीनंतर मला आठवा सापडला, बारा ऑगस्ट. आधी माझ्याच नजरेतून निसटला होता. सांगितलं तर म्हणतील, याला मोजताही येत नाही. म्हणून गप्प बसलो."

"कुणालाच नाही सांगितलंस?"

"बायकोलाही नाही."

"बाकीचे सात कुठले, तोंडपाठ असतीलच."

"झोपेतही म्हणतो. दोन जानेवारी, नऊ जानेवारी, वीस जुलै, एकोणतीस जुलै, आठ ऑगस्ट, एकोणीस डिसेंबर, सत्तावीस डिसेंबर. आणि दरवर्षीचं हेच आहे, मॅडम. मागची वर्षंही तपासली. दिवस बदलतात, पण सात-आठ चुका ठरलेल्या. गोमती येण्याच्या कितीतरी आधीपासून."

"मग तिने फेरफार केला असं का म्हणालास?"

तो खाली बघायला लागला. "मागची वर्षं मी नंतर तपासली. तोपर्यंत बोलून बसलो होतो."

त्याच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली. पण शेजारच्या टेबलावरून खाकरल्याचा आवाज आला. पुलवर चोक्कलिंगम. पानांच्या तळाचे सुविचार निवडणारे वृद्ध पंडित. चाळीस वर्षं इथे आहेत, सगळ्यात आधी येऊन यंत्राच्या खोलीत दिवा लावतात, त्यामुळे किल्ली त्यांच्याकडेही असते.

"बरं झालं गेली ती तबकडी," ते म्हणाले. "यंत्राने पंचांग सांगायचं म्हणजे बैलाने पुराण सांगायचं. माझ्यावर संशय असेल तर खुशाल घ्या, अम्मा. या वयात कुणी संशय घेतं म्हणजे मानच आहे."

"यंत्र उघडता येतं तुम्हाला?"

"मला चष्म्याचं डबडं उघडत नाही. आणि इथे काय चाललंय हे तरी मला कोण सांगतं? बैठकांना सुविचारवाल्याला कोण बोलावतं? सात दिवस, आठ दिवस, मला आत्ता इथे बसून कळतंय." मग बारीक डोळे करून म्हणाले, "तुम्ही उतरलात कुठे?"

"मीनाक्षी कल्याण मंडपात. खोली लगेच मिळाली."

"मिळणारच! आडी चालू आहे. या महिन्यात कोण लग्न करतंय? मंडपवाले माश्या मारतायत."

मी उठले आणि दोन पावलं चालून तशीच थांबले.

"काय झालं, मॅडम?" अरुळदासने विचारलं.

"दुसरी जानेवारी," मी म्हणाले, "आपला कुठला महिना?"

४

जावईबापूंनी मला वाटेतच गाठलं. राजमाणिक्कम, विक्री सांभाळणारे, अत्तराचा वास, शर्टाला कडक इस्त्री.

"अक्का, जेवला नाहीत तुम्ही. विरुदुनगरचे तळलेले परोटे मागवलेत खास."

"नंतर."

"मामांचं मनावर घेऊ नका. रागीट आहेत पण मन साफ. मीच त्यांना समजावतोय, पोलिस नको, बिचारी अनाथ मुलगी आहे, चार महिन्यांचा पगार देऊ आणि गुपचूप घरी पाठवू." त्यांनी आवाज खाली आणला. "खरं सांगू? मला कॉम्प्युटरचं काही कळत नाही. पण एवढं कळतं की ज्याचं पोट अडकलंय तोच असलं करतो."

"खरं आहे," मी म्हणाले. "ज्याचं पोट अडकलंय तोच."

अण्णाचींच्या खोलीत एक लांबलचक फळी आहे. दर आडीला गावातले बाकीचे छापखाने काय काढतात ते नमुने अण्णाची विक्रेत्यांकडून मिळवतात आणि त्या फळीवर साठवतात. कोण कुणाचं चित्र उचलतंय ते बघायला. सगळं गाव हेच करतं. एकाचा मुरुगन देव दुसऱ्याने उलटा फिरवून छापला की लगेच वकिलाची नोटीस. पण चित्राखालचे बारीक आकडे? ते वाचायची कुणाला गरज वाटत नाही. पंचांग सगळ्यांचं सारखंच असणार, असं म्हणतात.

"वैरमणी कॅलेंडर्सचा पुढच्या वर्षाचा नमुना आला का?" मी विचारलं. वैरमणी म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरचे, अण्णाचींचे जन्माचे वैरी.

"कालच आलाय. आमच्याआधी काढलाय, नालायकांनी. पण त्याचं काय?"

"आणि त्यांचे जुने?"

"सगळे आहेत. पण तू चोर शोधतेस की चित्रं बघतेस?"

मी नमुना हातात घेतला आणि कडेने बघितलं. पानांचा जाडजूड ठोकळा, सगळा एका रंगाचा, किंचित पिवळट. फक्त मधेमधे बारीक पांढऱ्या रेघा. काही पानं दुसऱ्या कागदाची होती, नंतर छापून मागाहून घातलेली.

मी मोजली. सात.

मग बारा ऑगस्टचं पान उघडलं, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते अण्णाचींनी कानावर हात ठेवून ऐकलं.

मग अरुळदासकडून मागच्या वर्षांच्या चुकांची यादी घेऊन वैरमणींची जुनी कॅलेंडरंही ताडून पाहिली. "सगळ्यांना बोलवा," मी म्हणाले. "पुलवरांनाही."

५

दुपार उतरत होती. खोलीत पंखा घरघरत होता. गोमती दाराजवळ उभीच राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"आधी एक गोष्ट सांगते," मी सुरुवात केली. "गोमतीने काही बदललेलं नाही. या चुका ती येण्याच्या आधीपासूनच्या आहेत."

"म्हणजे जोसियर चुकायचे?" अण्णाची.

"अप्पा चुकत नाहीत!" गोमती.

"दोघंही थांबा. अरुळ, सात दिवस म्हण बघू. तारीख नको, आपले महिने सांग."

अरुळदासने बोटं मोजली. "मार्गळी, मार्गळी, आडी, आडी, आडी, मार्गळी, मार्गळी." तो थबकला. "आठवाही आडीतच. मागच्या वर्षांतलेही... अय्यो!"

"अगदी बरोबर. चूक आंधळी असते, अण्णाची. प्रोग्रॅममधली चूक चैत्रातही होते, लग्नसराईच्या थई महिन्यातही होते. तिला काय ठाऊक आडीत आणि मार्गळीत कुणी लग्न काढत नाही, मुहूर्त बघत नाही, घराचा पाया घालत नाही? ज्या दोन महिन्यांत पाच मिनिटांच्या फरकाने कुणाचं काही बिघडणार नाही, नेमक्या त्याच दोन महिन्यांत सगळ्या चुका. हे माणसाचं काम आहे. जोसियरांनी त्या चुका मुद्दाम पेरल्या."

"मुद्दाम?" गोमतीचा आवाज चिरका झाला. "कशाला?"

"चोर पकडायला. खरं पंचांग ज्याचं त्याने केलं तरी सारखंच येतं, त्यामुळे उचललं तरी कळत नाही. पण खोटी वेळ दुसऱ्याच्या कॅलेंडरात तशीच्या तशी सापडली, तर ती आकाशातून नाही पडली, इथूनच गेली. अण्णाची, ही वैरमणींची जुनी कॅलेंडरं. आठ वर्षं मागेपर्यंत तुमच्या त्या त्या वर्षाच्या सगळ्या खोट्या वेळा यांत आहेत. त्याआधीच्या एकाही वर्षात नाहीत."

अण्णाचींनी कॅलेंडर ओढून घेतलं.

"आता पुढच्या वर्षाचा नमुना बघा. पंचांग याही वर्षी इथूनच गेलं होतं. पण यातली सात पानं नंतर बदललेली आहेत. कुठली? जी अरुळने तीन आठवड्यांपूर्वी या फळ्यावर लिहिली तीच. इथल्या कुणीतरी धावत जाऊन सांगितलं, तुमच्या पंचांगातले हे सात दिवस चुकलेत, सुधारा. आणि त्यांनी सुधारले. पण बारा ऑगस्ट? तो फळ्यावर नव्हता. तो चोराला माहीतच नव्हता. बघा, जोसियरांची खोटी वेळ इथे जशीच्या तशी आहे."

पुलवर खुर्चीत पुढे सरकले.

"मग डिस्क का नेली?" पुलवरांनी विचारलं. त्यांना मजा यायला लागली होती.

"कारण काल मी म्हणाले, या चुका का झाल्या ते वाचून काढते. एकदा चुकांची चर्चा सुरू झाली की कुणीतरी शेजारच्या कॅलेंडरात डोकावणारच. म्हणून डिस्क गायब, आणि खापर गोमतीवर. आता चोर कोण ते बघा. आठ वर्षांपूर्वी अरुळ कॉलेजात होता आणि गोमती तेनकाशीला मुलांना पाढे शिकवत होती. ते दोघं गेले. तेव्हापासून इथे असलेले उरले पुलवर आणि राजमाणिक्कम. पुलवरांना बैठकीला कुणी बोलावत नाही. ते सात दिवस त्यांना आज कॅन्टीनमध्ये कळले, आणि तेही आठव्यासकट. त्यांनी सांगितलं असतं तर आठवंही पान पांढरं असतं."

"अण्णाचीही आहेत की," अरुळदास पुटपुटला.

"स्वतःचं पंचांग वैरमणीला द्यायला?" मी म्हणाले.

राजमाणिक्कम हसले, पण हसू एका बाजूलाच आलं. "अक्का, गोष्ट छान रचलीत. मी तर कॉम्प्युटरला हातही लावत नाही."

"पंचांग चोरायला कॉम्प्युटर लागत नाही, विक्रीवाल्याला नमुना दोन महिने आधी मिळतो. आणि डिस्क काढायला लागतो फक्त स्क्रू-ड्रायव्हर."

"मामा, तुम्ही हिचं ऐकणार? बाहेरच्या बाईचं?"

अण्णाचींनी कॅलेंडर मिटलं. म्हणाले, "जावईबापू, डिस्क कुठे आहे?"

राजमाणिक्कमनी खिशातून रुमाल काढला आणि कपाळ पुसलं. "तळ्यात टाकली," ते म्हणाले. "मामा, तुम्ही मला कधी एक सही करू दिलीत? आठ वर्षं मी तुमच्या पिशव्या वाहतोय. वैरमणी निदान खुर्ची देत होते."

"घरी जा," अण्णाची म्हणाले. "आणि उद्यापासून छापखान्यात येऊ नका."

६

राजमाणिक्कम गेले. मला वाटलं, आता संपलं. हीच माझी चूक. जुना प्रोग्रॅम बदलणं परवडलं, पण जुना माणूस नको.

अण्णाची खुर्चीत रेलले. "पूंगोडी, तुझे आभार. गोमती, तुझी नोकरी कायम. पगारही वाढवतो. बाकी, बाहेर सांगू की यंत्र बिघडलं, डिस्क जळली. घरातली गोष्ट आहे. माझ्या मुलीला दोन लहान पोरं आहेत."

"म्हणजे तुमच्या घराची अब्रू तेवढी अब्रू!" मी भडकले. "मग हिची?"

"तू मधे पडू नकोस."

"पडणार! सहा महिने तुम्ही या पोराचे पैसे अडवलेत, दोन वर्षं हिच्याकडून त्या खटाऱ्याला वारा घालून घेतलात, तीस वर्षांत एक प्रत काढली नाहीत. चोर घरात बसून जेवत होता आणि तुम्ही शेजाऱ्याचा मुरुगन मोजत होतात. आणि आता निस्तरायचं कुणी? परत हिनेच?"

"अक्का," गोमती म्हणाली, "मी बोलते."

ती टेबलापर्यंत आली. दिवसभरात पहिल्यांदाच तिचा आवाज शांत होता. "अण्णाची, मला पगार नको वाढवून. नोकरीही नको, तेनकाशीला माझी शाळा मला परत घेईल. पण सकाळी तुम्ही मला जिथे चोर म्हणालात तिथेच, त्याच बायकांसमोर, मी चोर नाही असं सांगा. उद्या नाही. आता. मी रोज त्यांच्याच बसने घरी जाते."

"मी मालक आहे, गोमती."

"म्हणूनच. मालकाने सांगितलेलं खरं मानतात. सकाळीही मानलं."

अण्णाचींनी पुलवरांकडे बघितलं. पुलवर छताकडे बघत होते. अरुळदास नखं खात होता. कुणाकडूनच मदत येईना, तेव्हा ते टेबलावर हात रोवून उठले.

आम्ही त्यांच्या मागोमाग खाली गेलो. हॉलच्या पलीकडे चारही छपाईयंत्रं धडधडत होती. अण्णाचींनी फोरमनला हात केला. त्याला वाटलं, वेग वाढवा म्हणतायत. आडीत या गावात मशीन कुणाच्या मयतालाही थांबत नाही.

"बंद कर," अण्णाची ओरडले. "सगळी."

एकेक करत यंत्रं थांबली. एवढी शांतता त्या हॉलने कधी ऐकली नसेल. बाया उठून उभ्या राहिल्या. अण्णाची हॉलच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"सकाळी मी बोललो ते खोटं होतं," ते म्हणाले. "गोमतीने काही चोरलं नाही. चोर माझ्या घरातला होता. माझा जावई."

हॉलमध्ये कुजबुज उठली. मला वाटलं, आता वळतील. पण ते तिथेच उभे होते.

"आणखी एक. सहा वर्षांपूर्वी जोसियर माझ्या खोलीत आले होते. म्हणाले, अण्णाची, आपलं पंचांग घरातूनच बाहेर जातंय, माझ्याकडे पुरावा आहे, बघता का? मी बघितला नाही. माझ्या घरावर बोट ठेवता म्हणून त्यांना खोलीबाहेर काढलं. त्यानंतर चार वर्षं ते इथे खाली मान घालून काम करत होते, आणि मी त्यांच्याशी नीट बोललो नाही. ते गेले तेव्हाही नाही." त्यांनी गोमतीकडे बघितलं. "बरोबर तेच होते."

गोमतीला हे माहीत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. मी तिचा हात धरला.

अण्णाची तिच्यासमोर येऊन उभे राहिले. काय करावं त्यांना समजेना. हात जोडले, ते अर्ध्यातच राहिले.

"पोरी, अजून काही?" त्यांनी विचारलं.

गोमतीने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि त्यांच्या खांद्यावरून पलीकडे उभ्या राहिलेल्या यंत्रांकडे बघितलं.

"मशीन सुरू करा," ती म्हणाली. "शाई वाळेल."